‘न्यू ५२’ आणि बदललेला इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘न्यू ५२’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये आपल्या सुपरहिरो विश्वातील चालू मालिका थांबवल्या आणि बावन्न मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केल्या. या उपक्रमाला ‘न्यू ५२’ हे नाव मिळाले. ३१ ऑगस्ट २०११ रोजी ‘फ्लॅशपॉइंट’ या कथेचा पाचवा व अखेरचा अंक आला आणि त्याच दिवशी जेफ जॉन्स यांनी लिहिलेल्या व जिम ली यांनी चितारलेल्या ‘जस्टिस लीग’चा नवा पहिला अंक बाजारात आला, उरलेल्या एकावन्न मालिका सप्टेंबर महिन्यात सुरू झाल्या. १९३८ पासून चालत आलेले ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ९०४ व्या अंकावर आणि १९३७ पासून चालत आलेले ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ८८१ व्या अंकावर थांबवून त्यांनाही पुन्हा एक हा क्रमांक देण्यात आला. छापील अंक आणि डिजिटल अंक एकाच दिवशी उपलब्ध करून देण्याचे धोरणही याच वेळी सर्व मालिकांना लागू झाले. या उपक्रमावरून चाहत्यांत झालेला वाद मात्र अंकांच्या क्रमांकांवरून पेटला नाही. पात्रांच्या आयुष्यात पूर्वी काय घडले होते, हेच बदलले गेल्यामुळे तो पेटला.

कथेच्या आत हा बदल कसा घडला?

बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश, एका सकाळी जागा होतो तेव्हा जग बदललेले असते. ब्रूस वेन लहानपणीच मारला गेलेला असतो आणि त्याचे वडील थॉमस वेन बॅटमॅन झालेले असतात. अटलांटिस आणि अ‍ॅमेझॉन यांच्या युद्धात युरोप उद्ध्वस्त झालेला असतो. कथेच्या शेवटी उलगडते की आपल्या आईचा खून टाळण्यासाठी स्वतः बॅरीच भूतकाळात धावला होता आणि त्यामुळे हे सारे विस्कटले. तो आपली चूक निस्तरतो, परंतु परतताना पँडोरा नावाची एक गूढ स्त्री तीन वेगवेगळे कालप्रवाह एकत्र जोडते आणि त्यातून नवे जग तयार होते. या जोडणीमुळेच डीसीच्या मुख्य विश्वात वाइल्डस्टॉर्म आणि व्हर्टिगो या शाखांतील काही पात्रे आली.

याला रीबूट म्हणावे की रीलाँच?

वादाची सुरुवात येथूनच झाली. सर्व इतिहास पुसून पात्रे पुन्हा शून्यापासून उभी केली तर त्याला रीबूट म्हणतात. इतिहास तसाच ठेवून मालिकांना नवे क्रमांक, नवे लेखक आणि नवी सुरुवात दिली तर ते रीलाँच ठरते. प्रकाशकांनी प्रारंभी रीलाँच या शब्दावर भर दिला, पण प्रत्यक्ष अंक हाती आल्यावर दिसले की सुपरमॅनचा इतिहास जवळजवळ पूर्ण पुसला गेला आहे, बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांचा बहुतांश शाबूत आहे आणि टीन टायटन्स या किशोर नायकांच्या संघाचा कोठे आहे, कोठे नाही. एकाच विश्वात तीन वेगळे नियम एकाच वेळी चालू राहिले, आणि कोणत्या पात्राला कोणता नियम लागू आहे हे वाचकांना कधी मुलाखतींतून, तर कधी संवादातील एखाद्या ओळीतून शोधावे लागले. पुढील जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ या अर्धवटपणात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकाशकांना याची गरज का वाटली?

डॅन डिडिओ आणि जिम ली हे त्या वेळी सहप्रकाशक होते आणि त्यांच्यापुढची अडचण खरी होती. कॉमिक्सच्या दुकानांतील विक्री मंदावली होती, वाचकांचे सरासरी वय वाढत होते आणि नव्या वाचकाला नऊशेव्या अंकापासून सुरुवात करा असे सांगणे कठीण होते. विक्रीच्या दृष्टीने सुरुवातीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ‘जस्टिस लीग’च्या पहिल्या अंकाला दोन लाखांहून अधिक प्रतींची आगाऊ मागणी आली आणि अनेक पहिल्या अंकांच्या आवृत्त्या पुन्हा काढाव्या लागल्या. या यशाकडे डोळेझाक करून केलेली टीका प्रामाणिक ठरणार नाही.

असे बदल पूर्वीही झाले होते. मग याच वेळी एवढा वाद का?

पूर्वी झाले होते हे खरे. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या १९८५-८६ मधील ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या कथेने अनेक समांतर पृथ्वी नष्ट करून एकच पृथ्वी उरवली. १९९४ च्या ‘झीरो अवर’ने कालक्रमाची पुन्हा डागडुजी केली. परंतु ‘क्रायसिस’मधील संहार हा त्या कथेचा गाभाच होता. बॅरी अ‍ॅलनचा आणि सुपरगर्लचा मृत्यू वाचकांनी पानावर पाहिला, त्यासाठी शोक केला आणि मग नव्या जगात पाऊल ठेवले. त्यानंतर जॉन बर्न यांनी १९८६ मध्ये ‘द मॅन ऑफ स्टील’च्या सहा अंकांतून सुपरमॅनचा नवा आरंभ रीतसर सांगितला. अर्थात त्या वेळीही सारे नीट जुळले नव्हते. हॉकमॅनचा इतिहास तेव्हा जो गुंतला तो सोडवता सोडवता पुढचे अनेक लेखक थकले.

२०११ मध्ये मात्र निरोप घेण्याची संधीच मिळाली नाही. ‘फ्लॅशपॉइंट’ ही मुळात बॅरी आणि त्याच्या आईची कथा होती. तिच्या शेवटच्या काही पानांत संपूर्ण विश्व बदलून टाकले गेले. ज्या पात्रांचे विवाह, मैत्री आणि मुले नाहीशी झाली त्यांच्या वाट्याला निरोपाचे एखादे दृश्यही आले नाही.

‘पाच वर्षांचा प्रश्न’ म्हणजे काय?

नव्या विश्वाचा नियम असा की सुपरहिरो जगासमोर येऊन साधारण पाचच वर्षे झाली आहेत. ‘जस्टिस लीग’ची पहिली कथा पाच वर्षांपूर्वी घडते आणि इतर बहुतेक मालिका वर्तमानात चालतात. तरुण, ताजे जग दाखवण्यासाठी ही कल्पना चांगली होती.

अडचण बॅटमॅनपाशी आली. ग्रँट मॉरिसन यांची बॅटमॅनवरील दीर्घ कथा त्या वेळी अर्ध्यावर होती आणि ती पुढे चालू ठेवायची होती, म्हणून बॅटमॅनचा इतिहास फारसा पुसता येत नव्हता. त्यामुळे डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम ड्रेक आणि डेमियन वेन हे एकामागून एक आलेले त्याचे चौघेही साथीदार, म्हणजे रॉबिन, त्या तुटपुंज्या काळात बसवावे लागले. मूळ प्रकाशनक्रमात डिक १९४० मध्ये आला, जेसन १९८३ मध्ये, टिम १९८९ मध्ये आणि डेमियन २००६ मध्ये. सहासष्ट वर्षांत पसरलेला हा पसारा पाच वर्षांत कोंबला गेला. त्यात डिकने रॉबिन होऊन मोठे व्हायचे, नाईटविंग व्हायचे आणि काही काळ बॅटमॅनचा पोशाखही चढवायचा. जेसनने शिकायचे, मरायचे, जिवंत व्हायचे आणि रेड हूड म्हणून परतायचे. डेमियन तर दहा वर्षांचा मुलगा होता. बॅटमॅन इतरांच्या आधीपासून गुप्तपणे काम करत होता असे सांगून थोडी सवलत घेतली गेली, तरी गणित बसले नाही.

मग टिमच्या वाट्याला कात्री आली. २०१२ मधील ‘टीन टायटन्स’च्या शून्य क्रमांकाच्या अंकात तो कधी रॉबिन झालाच नव्हता, थेट रेड रॉबिन झाला, असे ठरवण्यात आले. बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे हे स्वतः ओळखून, जेसनच्या मृत्यूनंतर खचलेल्या ब्रूसला सावरणारा मुलगा हीच टिमची ओळख होती. तीच काढून घेतल्यावर त्याच्यापाशी पोशाखाखेरीज फारसे काही उरले नाही.

जेसनच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायला हवी. १९८८ मध्ये डीसीने त्याने जगावे की मरावे हे दूरध्वनीद्वारे वाचकांनाच विचारले होते; मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि विरोधात ५,२७१ मते पडली. इतिहासात वाचकांना असा वाटा देणाऱ्या संस्थेने पुढे त्याच वाचकांनी हिशेब विचारल्यावर आश्चर्य करू नये.

सुपरमॅनमध्ये काय बदलले?

लोइस लेन आणि क्लार्क केंट यांचा विवाह १९९६ मध्ये झाला होता. नव्या विश्वात तो झालेलाच नव्हता. क्लार्कचे पालक जोनाथन आणि मार्था केंट हे दोघेही तो सुपरमॅन होण्याआधीच वारलेले दाखवले गेले. पोशाखावरची लाल चड्डी जाऊन त्या जागी चिलखतासारखा उंच गळपट्टीचा वेश आला. २०१२ मध्ये त्याचे वंडर वुमनशी प्रेमसंबंध सुरू झाले.

पोशाखाचा वाद मला गौण वाटतो. विवाहाचा वाद गौण नाही, कारण लोइसला क्लार्कचे गुपित माहीत असणे आणि तिने त्याच्या बरोबरीने उभे राहणे यावर पंधरा वर्षांचे लेखन उभे होते. ते काढून घेतल्यावर त्या जागी तितके भक्कम दुसरे काही यायला हवे होते, आणि ते आले नाही. याचे एक कारण संपादकीय गोंधळात सापडते. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये मॉरिसन पाच वर्षांपूर्वीचा सुपरमॅन लिहीत होते आणि ‘सुपरमॅन’ मालिकेत जॉर्ज पेरेझ वर्तमानातला. मॉरिसन भूतकाळात काय घडवणार आहेत याची पुरेशी माहिती आपल्याला मिळत नव्हती, केंट दांपत्य हयात आहे की नाही यासारख्या साध्या गोष्टीही स्पष्ट नव्हत्या, असे पेरेझ यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. सहा अंकांनंतर त्यांनी मालिका सोडली. ज्यांनी १९८५ मध्ये स्वतःच्या हाताने डीसीचे विश्व नव्याने मांडले त्यांच्यावर ही वेळ यावी, याची खंत अनेक वाचकांप्रमाणे मलाही आहे.

बार्बरा गॉर्डन पुन्हा बॅटगर्ल झाली, यात वाईट काय?

या प्रश्नावर चाहत्यांमध्ये सर्वांत सखोल चर्चा झाली, आणि दोन्ही बाजूंनी मनापासून झाली.

बार्बरा १९६७ मध्ये बॅटगर्ल म्हणून आली. १९८८ मध्ये जोकरने तिच्यावर गोळी झाडली आणि ती चालू शकेनाशी झाली. त्या कथेत तिच्याकडे केवळ तिच्या वडिलांच्या आणि बॅटमॅनच्या यातनेचे साधन म्हणून पाहिले गेले. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांना हे सहन झाले नाही, आणि त्यांनी १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वाड’मधून तिला ओरॅकल म्हणून परत आणले : चाकाच्या खुर्चीतून माहितीचे अवघे जाळे चालवणारी, संपूर्ण सुपरहिरो जगाला जिच्यावाचून पाऊल उचलता येत नाही अशी स्त्री. पुढे ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’मध्ये ती संघाची प्रमुख झाली. अपंगत्व असलेल्या अनेक वाचकांसाठी ती या विश्वातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती होती, कारण तिची गोष्ट बरे होण्याची नव्हती. आहे त्या शरीरासह सामर्थ्य उभे करण्याची होती.

२०११ मधील नव्या इतिहासात बार्बरा गोळी लागल्यानंतर तीन वर्षांनी चालू लागली आणि पुन्हा बॅटगर्ल झाली. जोकरची गोळी इतिहासात कायम राहिली. ओरॅकल म्हणून तिने केलेले काम मात्र जवळजवळ अदृश्य झाले. हिंसा ठेवायची आणि त्या हिंसेला दिलेले उत्तर पुसायचे, ही निवड मला सर्वांत चुकीची वाटते. गेल सिमोन यांनी मालिका अत्यंत जबाबदारीने लिहिली, हेही तितकेच खरे आहे. ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’ अनेक वर्षे लिहिल्यामुळे ओरॅकलचे मोल त्या जाणत होत्या. त्यांची बार्बरा बंदुकीच्या नळीसमोर थिजते, बरे झाल्याचे अपराधीपण बाळगते, आणि दक्षिण आफ्रिकेतील उपचारांचा उल्लेखही कथेत येतो. त्यांची मालिका आवडणे आणि ओरॅकलच्या जाण्याचे दुःख होणे यांत विसंगती नाही.

या निर्णयाची झळ आणखी दोघींना बसली. कॅसँड्रा केन आणि स्टेफनी ब्राउन या मधल्या काळातील दोन्ही बॅटगर्ल सुरुवातीला नव्या विश्वात नव्हत्याच. स्टेफनी २०१४ मध्ये आणि कॅसँड्रा २०१५ मध्ये परतली, तेही पूर्वीच्या बॅटगर्लपदाच्या आठवणीविना.

वॉली वेस्टवर लोकांचा एवढा जीव का?

वॉली १९५९ मध्ये किड फ्लॅश म्हणून आला आणि बॅरीच्या मृत्यूनंतर १९८६ पासून सुमारे दोन दशके तोच फ्लॅश होता. गुरूच्या सावलीत वावरणारा, त्याच्या जागी उभे राहण्याची लाज वाटणारा मुलगा हळूहळू त्याच्याही पुढे जातो, लिंडा पार्कशी संसार मांडतो, बाप होतो. मार्क वेड यांनी १९९२ पासून लिहिलेल्या कथांत हा प्रवास फार हळुवारपणे आला आहे. सुपरहिरोंच्या जगात माणसे सहसा वाढत नाहीत. वॉली वाढला. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून वेताळ वाचलेल्या पिढीला वारशाने चालत येणाऱ्या मुखवट्याची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नव्या विश्वात बॅरी तरुण झाला, पूर्वीची पत्नी आयरिस हिच्याशी त्याचा विवाह झालेला नव्हता आणि वॉलीचा पत्ताच नव्हता. २०१४ मध्ये त्या नावाचा एक कृष्णवर्णीय किशोर आणण्यात आला. काही चाहत्यांनी त्या मुलाच्या वर्णावरून जी भाषा वापरली ती लाजिरवाणी होती आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. खरी चूक नाव उसने देण्यात होती. नवा मुलगा नव्या नावाने आला असता तर त्याला जुन्या वॉलीचे ओझे वाहावे लागले नसते आणि जुन्या वॉलीच्या वाचकांनाही आपले माणूस बदलून टाकल्यासारखे वाटले नसते. २०१६ मध्ये मूळ वॉली परतला तेव्हा हे दोघे नात्याने भाऊ असून दोघांनाही घराण्यातील एकच नाव मिळाले, असा खुलासा करावा लागला.

वंडर वुमनचा जन्म बदलला, त्यात काय बिघडले?

पूर्वीची डायना ही राणी हिपॉलिटाने मातीतून घडवलेली आणि देवतांनी जिवंत केलेली मुलगी. नव्या मालिकेत ती झ्यूस आणि हिपॉलिटा यांची कन्या ठरली. ब्रायन अ‍ॅझरेलो आणि क्लिफ चिअँग यांची ही मालिका कथा म्हणून उत्कृष्ट आहे, आणि ग्रीक देवतांचे तिच्यातील चित्रण मला आजही अपूर्व वाटते. तरीही एका पुरुषाविना जन्मलेल्या नायिकेला पिता देणे हा लहान बदल नव्हता. सातव्या अंकात अ‍ॅमेझॉन स्त्रिया खलाशांशी संग करून त्यांना ठार मारतात आणि जन्मलेले मुलगे हेफेस्टसला शस्त्रांच्या बदल्यात देतात असे दाखवले, तेव्हा तो आक्षेप अधिक धारदार झाला, कारण डायनाची मूल्ये ज्या समाजातून आली तो समाजच काळवंडला.

जस्टिस सोसायटीचे काय झाले?

१९४० पासूनचा हा पहिला सुपरहिरो संघ मुख्य पृथ्वीच्या इतिहासातून काढून २०१२ च्या ‘अर्थ २’ या मालिकेत, तरुण आणि नव्या रूपात मांडण्यात आला. त्यातील अ‍ॅलन स्कॉट, म्हणजे मूळ ग्रीन लँटर्न, समलिंगी असल्याचे दाखवले गेले आणि तो बदल बहुतेकांनी स्वीकारला. हरवले ते ज्येष्ठत्व : दुसऱ्या महायुद्धापासून लढणारी आजोबांची पिढी.

ग्रीन लँटर्नला हात का लावला नाही?

जेफ जॉन्स यांची मालिका उत्तम खपत होती. मात्र २००९-१० च्या ‘ब्लॅकेस्ट नाइट’ या ग्रीन लँटर्नच्या कथेतील घटना अशा अनेक मृत्यूंवर आणि पुनरागमनांवर उभ्या आहेत ज्यांचा पाया नव्या विश्वात उरलाच नव्हता. हा पेच कधीच समाधानकारकपणे सुटला नाही.

हे सारे काल्पनिकच आहे. मग सातत्याचा एवढा आग्रह कशाला?

हा प्रश्न बहुधा वाद मिटवण्यासाठी विचारला जातो. त्याला गंभीर उत्तर मिळायला हवे. मासिक मालिका वाचणारा वाचक दर महिन्याला वीस-बावीस पाने वाचतो आणि उरलेला भार त्याची स्मृती उचलते. एखाद्या मृत्यूने त्याच्या डोळ्यांत पाणी येते ते त्या वीस पानांमुळे नव्हे. आधीच्या दोनशे अंकांमुळे. लेखक या स्मृतीचा उपयोग करतो, प्रकाशक तिच्या जोरावर ‘या कथेनंतर काहीही पूर्वीसारखे राहणार नाही’ अशी जाहिरात करतो. तेव्हा ‘हे घडले होते की नाही?’ असे वाचकाने विचारणे हा हट्ट नाही. ज्या स्मृतीवर व्यवहार चालतो तिच्याबद्दलचा तो साधा प्रश्न आहे.

याचा अर्थ इतिहास बदलूच नये असा नाही. १९५६ मध्ये जुना फ्लॅश बाजूला ठेवून बॅरी अ‍ॅलन आणला गेला नसता तर यातील निम्म्या कथा जन्मल्या नसत्या. बदल पानावर सांगितला जावा, तो सर्वांना सारख्या नियमाने लागू व्हावा आणि पुसलेल्या गोष्टीच्या जागी तिच्या तोलाची गोष्ट यावी, एवढीच अपेक्षा आहे. या कसोटीवर स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कॅपुलो यांचा ‘बॅटमॅन’ उतरतो, टिम ड्रेकचा बदल उतरत नाही.

हे बदल पुढे मागे घेतले गेले का?

टप्प्याटप्प्याने, बरेचसे. २०१५ मध्ये ‘न्यू ५२’ हे नाव मुखपृष्ठांवरून गेले आणि त्याच वर्षीच्या ‘कन्व्हर्जन्स’मधून जुना सुपरमॅन, लोइस आणि त्यांचा मुलगा जॉन नव्या विश्वात आले. मे २०१६ मध्ये नव्या सुपरमॅनचा मृत्यू झाला आणि जॉन्स यांच्याच ‘डीसी युनिव्हर्स : रीबर्थ’ने दहा वर्षांचा काळ कोणीतरी चोरला असल्याचे सांगून जुन्या नात्यांची दारे पुन्हा उघडली. २०१७ च्या कथेत दोन्ही सुपरमॅन एकरूप झाले. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ने ९५७ पासून जुने क्रमांक पुन्हा धरले आणि २०१८ मध्ये हजारावा अंक गाठला, ज्यात लाल चड्डीही परतली. मात्र वॉलीला परत आणून २०१८-१९ च्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये त्याच्याच हातून सहकाऱ्यांचे मृत्यू घडवणे हे अनेक चाहत्यांना पुसले जाण्याहूनही क्रूर वाटले, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे.

आज वाचायचे असेल तर कोठून सुरुवात करावी?

प्रथम ‘फ्लॅशपॉइंट’चे पाच अंक वाचावेत. त्यानंतर स्नायडर-कॅपुलो यांचा ‘बॅटमॅन’, अ‍ॅझरेलो-चिअँग यांच्या ‘वंडर वुमन’चे पहिले पस्तीस अंक आणि जेफ लेमायर यांचा ‘अ‍ॅनिमल मॅन’ घ्यावा. लेमायर यांच्या मालिकेतील ‘रॉटवर्ल्ड’ ही कथा सोडली, तर या तिन्हींना इतर मालिकांचा फारसा आधार लागत नाही. २०१६ चा ‘रीबर्थ’चा अंक मात्र त्यापाठोपाठ लगेच उघडू नये. त्यात लिंडा वॉलीला ओळखत नाही आणि तो नाहीसा होण्याच्या बेतात असताना बॅरीला त्याची आठवण येते. त्या भेटीचे मोल कळण्यासाठी आधी वेड यांच्या ‘फ्लॅश’चे निदान दोन-तीन खंड वाचलेले असावेत.